एका वेळी एकच स्वर : सुरुवातीचा सिंथपॉप

सुरपेटी

इथे जुन्या फिल्मी गाण्यांवर, नाट्यसंगीतावर, जाझवर भरभरून लिहिलं जातं. सिंथेसायझरवरच्या पॉप गाण्यांचा विषय निघाला की मात्र "यंत्राचं संगीत, त्यात जीव नाही" म्हणून लोक पुढे जातात. ही गाणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. मस्कतहून मामा यायचा तेव्हा त्याच्या बॅगेत कॅसेटी असायच्या. पुढे कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये बूथमध्ये उभं राहून ऐकायचो. मला ही गाणी जिवाभावाची वाटतात, म्हणून हा धागा.

आधी हद्द आखून घेऊ. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डोना समरच्या आवाजात 'आय फील लव्ह' केलं, तिथून सुरुवात धरू. १९८३ साली मिडी आलं, म्हणजे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलायला लागलं. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला आणि जगभरच्या गाण्यांत तेच ते तयार आवाज वाजायला लागले. तिथे थांबू.

माझं म्हणणं असं की या काळातल्या चाली इतक्या पक्क्या डोक्यात बसतात, त्याचं श्रेय त्या यंत्रांच्या अपुरेपणाला आहे. मिनीमूग घ्या, १९७० सालचं वाद्य. त्याच्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. तीन पट्ट्या एकदम दाबल्या तरी ऐकू एकच येणार. मेमरी नाही, मनासारखा आवाज जुळला की सगळ्या बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवायच्या. खोली तापली की सूर हलतो. अशा वाद्यावर कॉर्डांचे थर रचता येत नाहीत. मग हाताशी राहतं ते एवढंच: खर्जात एक ओळ, तिच्यावर एक चाल, मधे भरपूर मोकळी जागा आणि माणसाचा गळा. लपायला जागाच नाही, त्यामुळे चाल चांगली असावीच लागते. यातली बहुतेक गाणी पेटीवर एका बोटाने वाजवून बघा, लगेच ओळखू येतात.

एक गाणं जवळून बघू. गॅरी न्यूमन १९७८ साली पंक रेकॉर्ड करायला केंब्रिजच्या एका स्टुडिओत गेला. तिथे आधीच्या कुणाचा तरी मिनीमूग पडून होता. त्याने सहज पट्टी दाबली आणि आधीच्या माणसाने जुळवून ठेवलेला जाडजूड खर्ज खोलीभर घुमला. गिटारसाठी बांधलेल्या ओळी त्याने त्या आवाजात वाजवून बघितल्या आणि तिथल्या तिथे बेत बदलला. पुढच्याच वर्षी 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पाच मिनिटांहून मोठं, धड ध्रुवपद नसलेलं, मधे नुसतं बोलणं असलेलं गाणं! दोन अर्धवट राहिलेली गाणी जोडून ते केलेलं आहे आणि तो सांधा ऐकू येतो. खर्जातली ओळ घोटून घोटून येत राहते, मग ती थांबते, वर एक उंच पातळ सूर निघतो आणि त्याच्याखाली हा माणूस स्वतःशी बोलल्यासारखा बोलतो. ड्रम मात्र हाताने वाजवलेले आहेत. यंत्राचा खर्ज आणि माणसाचे हात यांतली ती ओढाताण कितीदाही ऐकली तरी मला तितकीच भिडते.

त्याच वर्षीच्या 'कार्स'मध्ये शब्द अर्ध्याच्या आतच संपतात आणि पुढे पॉलीमूगचा, म्हणजे एका वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या मूगचा, तो लांबलचक आवाज एकटा चालत राहतो. पॉप गाण्यात शब्द संपल्यावर एवढा वेळ थांबायची हिंमत तेव्हा कुणाची होती?

तुमची गाणी लिहा. तुमच्यापर्यंत कशी पोचली तेही लिहा.

ऱ्हाइनकाठचा

धागा आवडला, पण १९७७ ची हद्द मला मान्य नाही. मी बरीच वर्षं ड्युसेलडॉर्फला राहतो, त्यामुळे आमच्या गावाची बाजू मांडणं भाग आहे.

राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोघांनी १९७० साली इथेच क्राफ्टवेर्क हा बँड सुरू केला. 'आउटोबान' १९७४ चं. रेकॉर्डची एक अख्खी बाजू, बावीस मिनिटांहून जास्त, एकच गाणं: गाडीचं दार लागतं, इंजिन सुरू होतं आणि मग रस्ता. कोनी प्लांकचं ध्वनिमुद्रण, मिनीमूगचा खर्ज आणि शब्द म्हणाल तर "आपण महामार्गावरून चाललोय" एवढंच घोळवून म्हटलेलं. सुरपेटी म्हणतात ती मोकळी जागा तिथे आधीच आहे.

त्यांचा क्लिंग क्लांग स्टुडिओ मुख्य रेल्वे स्टेशनजवळ, मिंट्रोपश्ट्रासे १६ मध्ये होता. मी त्या रस्त्यावरून नेहमी जातो. बाहेरून बघून काही कळणार नाही अशी साधी इमारत. स्टेशन इतकं जवळ असल्यावर १९७७ च्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'मध्ये रुळांचा ठेका आला यात नवल नाही. गंमत म्हणजे त्याच गाण्याची चाल १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाच्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठेक्यावर बसली आणि तिथून हिपहॉपचा एक वेगळाच रस्ता फुटला.

अजून एक. १९७५ साली बीबीसीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमात हे चौघे दिसले. ताल धरणारे दोघं उभे, समोर धातूच्या चकत्या लावलेल्या घरगुती पाट्या, हातात तारेसारख्या बारीक काड्या. काडी टेकली की विजेचं वर्तुळ पुरं होतं आणि ठोका वाजतो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात पुढे ऑक्टोपॅड आला, त्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट.

आडवाताल

वाचतोय, आणि लिहिणाऱ्यांचं प्रेम दिसतंय. पण मी तबला वाजवतो, त्यामुळे माझी अडचण सरळ सांगतो. ड्रम मशीनची लय हलत नाही. कितीही साधा केहरवा घ्या, वाजवणारा समेवर येताना कणभर ओढतो, गाणारा थांबला की थांबतो, शब्द जड असेल तिथे डग्गा दाबतो. यंत्र ऐकत नाही. ज्या साथीदाराला गाणारा ऐकू येत नाही त्याच्याबरोबर गाणं मला अवघडल्यासारखं वाटतं.

सुरांबद्दल माझी काही तक्रार नाही. मिनीमूगची मींड मी ऐकली आहे, ती खरोखर गोड आहे.

नॉब_फिरवणारी

आडवाताल, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे, पण मला वाटतं तुम्ही यंत्राला साथीदाराच्या जागी बसवताय. त्याला लेहऱ्याच्या जागी बसवून ऐका. तुम्ही सोलो वाजवता तेव्हा सारंगीवाला किंवा पेटीवाला तीच ओळ न हलवता धरून ठेवतो ना? त्याने तुमच्याबरोबर हलायचं नसतंच. तो ठाम असतो म्हणून तुम्हाला तिहाई सोडता येते. सीक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवत राहणारं यंत्र, हाच तो लेहरा. त्याच्यावर खेळायचं काम गळ्याचं.

मी पुण्यात घरीच ट्रॅक करते, जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअर नकलांवर. त्यामुळे हे काम तेव्हा किती किचकट होतं याचा थोडा अंदाज आहे. रोलंडचा एमसी-८ हा १९७७ चा सीक्वेन्सर. त्याला पट्ट्याच नव्हत्या, कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं होती. एकेका स्वरासाठी आकडे द्यायचे: स्वर कोणता, पुढचा किती वेळाने, आणि हा किती वेळ धरायचा. म्हणजे चार मात्रांच्या एका ओळीला आकड्यांचा पानभर हिशेब. इतके कष्ट पडत असतील तर माणूस फालतू स्वर टाकेलच कशाला? सुरपेटींच्या मुद्द्याला माझा दुजोरा हा असा आहे.

आणि यंत्र चुकत नाही असंही नाही, कारण त्याला शिकवणारा माणूस चुकतो. न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे', मार्च १९८३. बर्नार्ड समनरने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला सीक्वेन्सर, आणि ओबरहाइमचं डीएमएक्स ड्रम मशीन. जिलियन गिल्बर्टने सगळा क्रम कागदांवर लिहून काढला, ते कागद एकमेकांना चिकटवून लांबच लांब पट्टी केली, आणि यंत्रात भरताना एक स्वर राहून गेला. त्यामुळे सिंथची चाल ठेक्याच्या किंचित पुढेमागे सरकलेली आहे. त्यांनी ती तशीच ठेवली. आडवाताल, तुम्ही ते ऐकाच. सम कुठे आहे ते शोधताना तुम्हाला मजा येईल.

शेफील्डकर

मी नोकरीनिमित्त शेफील्डला आले आणि इथलीच झाले. इथल्या ह्यूमन लीग या बँडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

हे पोलादाचं गाव. इथले लोक सांगतात की रात्री कारखान्यातल्या घणांचे आवाज अंथरुणात ऐकू यायचे. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे तरुण होते. त्यांनी हप्त्या-हप्त्याने सिंथेसायझर घेतले आणि गायला फिल ओकीला बोलावलं. १९७८ चं 'बीइंग बॉइल्ड' त्यांनी साध्या टेपरेकॉर्डरवर, बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत रेकॉर्ड केलं. ते गाणं रेशमाच्या किड्यांबद्दल आहे! कोष उकळत्या पाण्यात टाकतात त्याचा निषेध. पैठणी नेसून वाढलेल्या मला ते पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी गाणं बंद करून बसले होते. खाली तो घोगरा, ओला बेस आणि वर ओकीचा कोरडा खर्ज. आजही अंगावर येतं.

१९८० मध्ये फूट पडली. वेअर आणि मार्श बाहेर पडले आणि त्यांनी हेवन सेव्हन्टीन हा वेगळा बँड काढला. ओकीच्या हाती बँडचं नाव, डोक्यावर कर्ज आणि दाराशी ठरलेला युरोपचा दौरा. त्याने इथल्या क्रेझी डेझी नावाच्या क्लबात नाचणाऱ्या दोन शाळकरी मैत्रिणींना, सुझन सली आणि जोॲन कॅथरॉल यांना, विचारलं. दोघींनाही गाण्याचं शिक्षण नव्हतं. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८१ मध्ये, 'डेअर' आला. अख्ख्या अल्बमात गिटार नाही. बँडमधला जो कॅलिस मुळात गिटारवाला, त्यालाही सिंथवर बसवलं.

'डोन्ट यू वॉन्ट मी' सगळ्यांना माहीत असतं. ओकीला ते इतकं नको होतं की ते अल्बमच्या अगदी शेवटी गेलं आणि सिंगल म्हणून काढायलाही त्याचा विरोध होता. ते १९८१ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिलं आलं, पाच आठवडे तिथेच राहिलं, आणि १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतही पहिलं आलं. मला त्यातलं दुसरं कडवं सगळ्यात आवडतं. पहिल्या कडव्यात तो पुरुष "मी तुला घडवलं" म्हणून ऐकवतो. दुसऱ्यात सुझन सलीचा साधा, न कमावलेला, शेजारच्या मुलीचा आवाज येतो आणि शांतपणे आपली बाजू मांडतो. तयारीच्या गायिकेने गायलं असतं तर ते नाटकी झालं असतं. इथे लग्नाच्या पार्टीत आजही ते लागलं की बायका दुसरं कडवं उभ्याने म्हणतात.

रीळ

शेफील्डकर, फार छान लिहिलंत. 'डेअर'च्या निर्मात्याबद्दल, मार्टिन रशंटबद्दल मी थोडी भर घालतो.

माझं सगळं आयुष्य टेप कापण्यात गेलं. आजच्या मुलांना सांगावं लागतं: रीळ हाताने पुढेमागे ओढून ठोक्याची नेमकी जागा कानाने शोधायची, तिथे पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, टेप खाचेत बसवून ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. काप तिरका का, तर सरळ कापला की सांध्यावर टक्‌ असा आवाज येतो. एक चांगला सांधा म्हणजे दोन-तीन मिनिटांचं काम, आणि हात थरथरला की गेलं.

१९८२ साली रशंटने 'डेअर'मधल्या गाण्यांची वाद्यांची आवृत्ती केली, 'लव्ह अँड डान्सिंग'. न्यूयॉर्कचे डीजे दोन तबकड्यांवर जे हाताने करत होते, ते त्याने टेपवर केलं. शब्दांचे तुकडे, ठोक्यांची पुनरावृत्ती, मधेच उलटा आवाज, सगळं ब्लेड आणि चिकटपट्टीने. सांध्यांची संख्या हजारांत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं ऐकलंच नाही, नुसते काप मोजत बसलो आणि थक्क झालो. ज्याला तुम्ही यंत्राचं संगीत म्हणता त्यात कारागिराचा हात किती आहे बघा.

'डेअर'वरचं ड्रम मशीन म्हणजे रॉजर लिनचं एलएम-१, १९८० चं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज चिपवर साठवलेले होते. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात आणि बनले सुमारे पाचशेच. थाळीचा मोठा आवाज त्यात नव्हताच. त्यामुळे त्या अल्बमात झांजेचा खळखळाट नाही आणि गळ्यासाठी वरची सगळी जागा मोकळी सुटते.

मांडवीपार

मी पणजीचा. हा धागा वाचताना आमचे तीव, म्हणजे काका, आठवत राहिले, त्यामुळे वेगळी बाजू मांडतो.

काका मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. गोव्यातले कितीतरी वादक त्या काळी तिथे होते; चर्चमध्ये लहानपणी नोटेशन शिकलेले, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायचे. ताडदेवच्या फेमसमध्ये एकेका गाण्याला पन्नास-साठ वादक बसत. ऐंशीच्या दशकात व्हायोलिनची रांग लहान होत गेली. दहा जणांच्या जागी एक कीबोर्डवाला. काका कधी चिडून बोलले नाहीत, पण पेटीतून व्हायोलिन काढणं हळूहळू कमी झालं, आणि म्हापशाला परतल्यावर ते लग्नांत आणि चर्चमध्ये वाजवायला लागले.

इंग्लंडमध्येही हे झालंच. १९८२ साली तिथल्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनला आळा घालावा असा ठराव केला होता, कारण एका मोठ्या गायकाच्या दौऱ्यात ऑर्केस्ट्राच्या जागी सिंथ वापरले गेले. आज लोक त्या ठरावाला हसतात. मला हसू येत नाही.

तरीही ही गाणी मला आवडतात. कारण डिपेश मोड किंवा ह्यूमन लीग या बँडनी व्हायोलिनचा आवाज चोरला नाही. त्यांनी सिंथला सिंथसारखंच वाजवलं. कामं गेली ती नकली व्हायोलिन वाजवणाऱ्या कीबोर्डमुळे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

सुरपेटी

मांडवीपार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटचा मुद्दा माझ्या मनात होता पण मला इतका नेटका मांडता आला नसता. तुमच्या काकांबद्दल अजून लिहिता आलं तर वेगळा धागा जरूर काढा.

डिपेश मोडचं नाव निघालंच आहे तर त्यांच्यातल्या व्हिन्स क्लार्कवर लिहितो, कारण माझ्या लेखी या सगळ्या मंडळींत चाल बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. एसेक्समधलं बॅझिल्डन हे युद्धानंतर वसवलेलं नवं गाव, तिथली ही मुलं. सिंथ काखोटीला मारून रेल्वेने लंडनला कार्यक्रमाला जायची. गिटार आणि अँप्लिफायर असते तर टेम्पो लागला असता! डॅनियल मिलरने, ज्याने स्वतः १९७८ मध्ये एकट्याने घरच्या घरी रेकॉर्ड काढून म्यूट ही कंपनी सुरू केली होती, त्यांना हाताशी धरलं. १९८१ मध्ये 'जस्ट कान्ट गेट इनफ' आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि वर्ष संपायच्या आत व्हिन्स बँड सोडून गेला.

मग त्याच गावातली अ‍ॅलिसन मॉयेट. ब्लूज आणि पंक गाणारी, भरदार, किंचित खरखरीत गळ्याची मुलगी. तिने मासिकात जाहिरात दिली होती, व्हिन्सने तिला फोन केला. दोघांचं याझू. 'ओन्ली यू' १९८२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यात खाली सुट्ट्या सुट्ट्या स्वरांची एक लहानशी माळ फिरत राहते, प्रत्येक स्वर टिपकागदावर शाई टिपल्यासारखा लगेच संपणारा. त्याच्यावर हा एवढा मोठा गळा अगदी हळू गातो. यंत्र जितकं कोरडं तितका गळा ओला वाटतो. एखादा जाड स्ट्रिंग्जचा थर दिला असता तर ते गाणं मेलं असतं.

आणि आडवाताल, हे खास तुमच्यासाठी: १९८३ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जे गाणं होतं ते हेच, पण फ्लाइंग पिकेट्स नावाच्या मंडळींनी एकही वाद्य न घेता, नुसत्या गळ्यांनी गायलेलं. यंत्र पूर्ण काढून घेतलं तरी गाणं उभं राहिलं. दोन्ही लागोपाठ ऐका.

पारिजात

लिव्हरपूलच्या ओएमडी या बँडचा उल्लेख राहून जाऊ नये. अँडी मॅक्लस्कीने १९७५ मध्ये तिथे क्राफ्टवेर्कचा कार्यक्रम बघितला आणि त्याचं आयुष्यच बदललं असं तो सांगतो. पैसे नव्हते; आईच्या घरपोच खरेदीच्या कॅटलॉगमधून एक स्वस्तातला कॉर्ग आठवडी हप्त्यावर घेतला. 'इनोला गे' (१९८०) त्यांचंच. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं ते नाव, आणि चाल अशी की लहान मुलंही उड्या मारतील. मला आधी ते खटकायचं. आता वाटतं, त्या चालीमुळेच गाण्यातली सव्वाआठ ही बॉम्ब पडल्याची वेळ विसरता येत नाही.

टोकियोचा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा तिघांचा बँडही घ्यायलाच हवा. होसोनो, साकामोतो, ताकाहाशी, १९७८ पासून. ताकाहाशी आणि साकामोतो दोघंही २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या आत गेले. 'रायडीन' ऐकलं नसेल तर आज ऐका.

आणि आपल्या घराजवळचं: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो तिथे बसवला. गीता साराभाईंसह काही जणांनी त्यावर काम केलं. त्या टेप कितीतरी वर्षं कपाटात होत्या, २०२३ मध्ये त्यांतलं संगीत बाहेर आलं. ते पॉप नाही, पण न्यूमनने पट्टी दाबायच्या आधीची ती गोष्ट आहे.

ऱ्हाइनकाठचा

पारिजात, चरणजित सिंग राहिले!

पारिजात

त्यांच्यावर कुणीतरी जाणकाराने लिहावं म्हणून थांबले होते.

नॉब_फिरवणारी

मी लिहिते, माझं दैवत आहे ते. चरणजित सिंग मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रं एकत्र केली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातला ३०३ हा चांदीच्या रंगाचा लहानसा डबा, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेला. कुणी घेतला नाही, १९८४ मध्ये कंपनीने बंद केला. सिंग यांनी त्यावर दहा राग बसवले: भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच डब्यातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत काढलं, आणि २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक तोंडात बोट घालून ऐकत राहिले. २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी उतारवयात त्यांना परदेशात मंचावर वाजवायला मिळालं.

३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. कोणत्या स्वराला घसरण द्यायची ते आधी ठरवून भरायचं. मधुवंती ऐका आणि कोमल गंधाराकडे लक्ष ठेवा. वाद्याला राग माहीत नाही, पण भरणाऱ्याला माहीत आहे.

आडवाताल

सुरपेटी आणि नॉब_फिरवणारी, दोघांचंही ऐकलं.

'ब्लू मंडे'ची सम सापडली; चाल ठेक्यावरून निसटते ती जागा पकडायला मला तीन वेळा मागे जावं लागलं. 'ओन्ली यू' दोन्ही ऐकली. गळ्यांची आवृत्ती सुरेख आहे, पण मला यंत्राची जास्त आवडली, आणि हे मी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. लेहऱ्याचा मुद्दा पटला. मॉयेट 'धरते' आणि 'सोडते' ते खालची माळ ठाम असल्यामुळेच कळतं. चरणजित सिंग यांच्या मालकंसाबद्दल मात्र माझं मत राखून ठेवतो. ठेका फार घाईत आहे, त्या रागाला बसायला वेळ मिळत नाही. मधुवंती चांगला जमलाय.

एक विचारायचं होतं. 'ओन्ली यू'मधल्या माळेतला प्रत्येक स्वर इतका पटकन तुटतो, ते वाजवून केलंय की यंत्रात भरून?

सुरपेटी

भरून. आणि तुटणं हे वेगळं जुळवावं लागतं. प्रत्येक स्वराचे चार टप्पे असतात: उठणं, उतरणं, टिकणं आणि विरणं. चारही वेगवेगळ्या बटणांवर. उठणं अगदी झटक्यात, टिकणं शून्याजवळ आणि उतरणं थोडंसंच ठेवलं की असा टिचकीसारखा स्वर मिळतो. व्हिन्सकडे तेव्हा सिक्वेन्शियल कंपनीचा प्रो-वन होता, तोही एका वेळी एकच स्वर वाजवणारा. त्यामुळे माळेतला एक स्वर संपल्याशिवाय दुसरा सुरूच होऊ शकत नाही.

मालकंसाबद्दल नॉब_फिरवणारी तुमच्याशी भांडणार याची मला खात्री आहे, मी मधे पडत नाही.

नॉब_फिरवणारी

भांडणारच. रात्री सविस्तर लिहिते, तोवर आडवाताल, तुम्ही यमन ऐकून ठेवा.